मेलर कुठे गेला? कादंबरीवरची फँटसी मालिका कशी तपासून बघावी

मी मराठी दैनंदिन मालिकांच्या पटकथा लिहिते. कथा दुसऱ्या कुणाची, संवाद तिसऱ्याचे, मधला सांगाडा माझा. त्यामुळे ‘मालिकेने पुस्तकाची पार वाट लावली’ असं कुणी तावातावाने म्हणालं की माझ्या डोक्यात आधी येतं, हा बदल कुठल्या मीटिंगमध्ये ठरला असेल? पैशांच्या, कलाकारांच्या तारखांच्या, की खरोखर गोष्टीच्या? ती मीटिंग ओळखता यायला लागली की पुस्तक आणि मालिका शेजारी ठेवून बघण्यात भलतीच मजा येते. शिवाय रागवायचंच असेल तर नेमक्या माणसावर रागवता येतं.

माझी रीत खाली सांगते. उदाहरणं बहुतेक जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या वेस्टेरॉस या काल्पनिक जगातली आहेत. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ एप्रिल २०११ ते मे २०१९ चाललं, ८ सीझन, ७३ एपिसोड. पुस्तकं पाच. त्यातलं पाचवं आलं तेव्हा पहिला सीझन दाखवून झाला होता, आणि सहाव्याची वाट लोक अजून बघतायत. म्हणजे पुस्तकाला धरून चालणारी, पुस्तकापासून सुटत जाणारी आणि पुस्तकच न उरलेली, अशा तिन्ही अवस्था एकाच मालिकेत सापडतात. शेवटापर्यंतची सगळी गुपितं इथे फुटणार आहेत. मालिका बघायची राहिली असेल तर आधी बघून या.

एक प्रकरण, एक सीन

सबंध पुस्तक विरुद्ध सबंध मालिका असा सामना लावू नका. त्यातून फक्त भांडण हाती लागतं. एक प्रकरण वाचा आणि त्याच दिवशी त्याचा सीन बघा.

पहिल्या पुस्तकाची प्रस्तावना यासाठी झकास आहे. भिंतीपलीकडच्या बर्फात नाइट्स वॉचचे, म्हणजे त्या भिंतीच्या पहारेकऱ्यांपैकी, तिघं जातात. उमराव घरातला तरुण वेमार रॉइस, मुरलेला गॅरेड आणि विल. पुस्तकात हे सगळं विलच्या नजरेतून घडतं. तो झाडावर चढून बसलेला असतो. रॉइस मरतो, मेलेला उठतो आणि खाली उतरलेल्या विलचा गळा धरतो. घोड्यांपाशी राहिलेला गॅरेड पळून जातो, आणि पुढच्या प्रकरणात उत्तरेचा सरदार नेड स्टार्क पळपुटा म्हणून त्याचं डोकं उडवतो. मालिकेत उलटं आहे. मरतो गॅरेड, आणि पळून जाऊन नेडच्या तलवारीखाली मान देतो तो विल.

एवढासा बदल, पण तो का केला असेल? पुस्तकात आपण विलच्या मनात होतो आणि विल मेला. पुढे नेडचा मुलगा छोट्या ब्रानला दिसतो तो भीतीने अर्धमेला झालेला एक म्हातारा. हा तोच गॅरेड, हे वाचक आपलं आपण जुळवतो, हवं तर चार पानं मागे जाऊन बघतो. टीव्हीवर मागे जायची सोय गृहीत धरून लिहिता येत नाही. ज्याच्या चेहऱ्यावरची भीती आपण पाच मिनिटांपूर्वी बघितली, तोच चेहरा ओंडक्यावर आला की प्रेक्षकाला एका क्षणात कळतं, हा खरं बोलतोय आणि याचं कुणी ऐकत नाहीये. मी त्या टेबलावर असते तर हेच केलं असतं.

वहीत काय लिहायचं

साधी दोनशे पानी वही पुरते. पुस्तकात काय, मालिकेत काय, हा बदल कुणाच्या गरजेपोटी, आणि शेवटी एक रुंद रकाना: याने पुढे काय ओढून आणलं. पहिले तीन रकाने त्याच दिवशी भरा. चौथा मुद्दाम कोरा ठेवा. तो भरायला कधीकधी दोन सीझन जातात, आणि सगळा माल त्याच रकान्यात असतो. आमच्या लेखकांच्या खोलीतही हाच घोळ होतो. आज एक सीन कापला की आज काहीच बिघडत नाही. तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, ‘अरे, पण हिला हे कळलं कधी?’ आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात.

‘आवडलं’, ‘नाही आवडलं’ हा रकाना ठेवू नका. तो आपोआप डोक्यात भरत असतो.

मीटिंग ओळखणं

तिसऱ्या रकान्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

सर्वांत सोपी ओळखायची ती पैशांची मीटिंग. पहिल्या पुस्तकात ग्रीन फोर्कच्या लढाईत लॅनिस्टर घराण्यातला बुटका टिरियन घोड्यावरून लढतो. मालिकेत लढाई सुरू होता होता आपल्याच माणसांच्या धक्क्याने त्याच्या डोक्याला मार लागतो, तो बेशुद्ध पडतो, आणि डोळे उघडतो तेव्हा लढाई संपलेली. हसू येतं, पण त्या हशात एक अख्खी लढाई वाचवली आहे. दुसऱ्या सीझनमधली ब्लॅकवॉटरची लढाई मात्र दाखवली. त्या एपिसोडची पटकथा खुद्द मार्टिनची. तरीही त्याच्याच पुस्तकातली, नदीचं तोंड अडवणारी ती प्रचंड साखळी तिथे नाही. तिच्याऐवजी हिरव्या आगीचा मसाला भरलेलं एकच जहाज येतं. लेखक स्वतः लिहायला बसला तरी हिशेबनीस शेजारी असतोच.

याच लढाईत पुस्तकातल्या टिरियनचं नाक बहुतेक सगळं कापलं जातं. मालिकेत चेहऱ्यावर एक व्रण उमटतो, तोही बऱ्यापैकी देखणा. पुढची सगळी वर्षं प्रत्येक शॉटला नाक नाहीसं करत बसणार कोण? आणि पीटर डिंकलेजचा चेहरा झाकायला कुठली वाहिनी तयार होईल? डेनेरिसच्या टारगेरियन घराण्याचे जांभळे डोळे असेच गेले. रंगीत लेन्स लावून बघितल्या आणि सोडून दिल्या. डोळ्यांवरच अभिनय चालतो, तिथे रंगीत काच बसवून चालत नाही.

वयाची मीटिंग त्याहून मोठी, कारण तिचा परिणाम सगळीकडे पसरतो. पुस्तकात लग्नाच्या वेळी डेनेरिस १३ वर्षांची आहे, नेडच्या घरातले रॉब आणि जॉन साधारण १४ चे. मालिकेने सगळ्यांना काही वर्षांनी मोठं केलं. डेनेरिसबाबत दुसरा मार्गच नव्हता, ते प्रसंग लहान मुलीवर चित्रित करता येत नाहीत आणि येऊही नयेत. पण पुस्तकातल्या रॉबच्या चुका चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या चुका वाटतात. तेच निर्णय दाढीवाल्या रिचर्ड मॅडनने घेतले की ते मूर्खपणा वाटायला लागतात. बदल एका पात्रासाठी झाला आणि किंमत दुसऱ्याने मोजली.

नावांचे बदल पटकन उरकून टाका. आशा ग्रेजॉयची यारा झाली, कारण ओशा नावाचं पात्र आधीच होतं आणि कानाला दोन्ही सारखीच. त्यात गूढ काही नाही.

आता माझ्या आवडीची मीटिंग, कॅमेऱ्याची. मार्टिनचं प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतून असतं. पहिल्या पुस्तकात प्रस्तावना सोडली तर अशा आठच नजरा आहेत: नेड, कॅटलिन, सांसा, आर्या, ब्रान, जॉन, टिरियन आणि डेनेरिस. रॉबर्ट राजा नाही, सर्सी राणीही नाही. म्हणजे हे नवराबायको दोघंच खोलीत असताना काय बोलतात, हे पहिल्या पुस्तकात येऊच शकत नाही. बघायला तिथे कुणी हजरच नाही. मालिकेच्या पाचव्या एपिसोडमध्ये ते दोघं दारूचे पेले घेऊन बसतात आणि आपलं लग्न कधी मेलं याबद्दल थकलेल्या आवाजात बोलतात. हा सीन पुस्तकात कुठेच नाही. पहिल्या सीझनचे काही एपिसोड लांबीला कमी पडत होते, म्हणून नव्या सीनची भर घालावी लागली, त्यातला हा एक. आमच्याकडे याला सरळ ‘फुटेज भरणं’ म्हणतात आणि जेवणाच्या टेबलावर दोन जावा बसवतात. तिथे त्याच गरजेतून मालिकेतला सर्वांत चांगला संसार लिहिला गेला. टिरियनचा बाप टायविन हरीण सोलत सोलत थोरला मुलगा जेमीला सुनावतो, तो सीनही असाच नवा. पुस्तकात नसलेलं सगळं वाईट, असं समजणाऱ्यांना मी हे दोन सीन दाखवते.

मनातलं मात्र कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून पुस्तकातला पानभर विचार मालिकेत तीन वाटांनी येतो. कुणाला तरी सांगितला जातो, कृतीत बदलला जातो, नाहीतर गायब होतो. तिसरी वाट धरली असेल तर वहीत लाल शाईने खूण करा. पुढे बहुतेक तिथेच भेग पडलेली असते.

शेवटचा रकाना: टायशाचं उदाहरण

हे एक उदाहरण नीट बघितलं की बाकीची तुम्हाला तुमची सापडतील.

टिरियनचं तेराव्या वर्षी टायशा नावाच्या गरीब घरच्या मुलीशी लग्न झालं होतं. बाप टायविनने ते मोडलं. ती पैसे देऊन आणलेली बाई होती असं जेमीकडून वदवलं, आणि पुढे तिचं जे केलं ते इथे लिहवत नाही. मालिकेतही टिरियन हे पहिल्या सीझनमध्ये, लढाईच्या आदल्या रात्री, ब्रॉन आणि शे यांना सांगतो. म्हणजे बी पेरलेलं आहे.

पुस्तकात ते उगवतं तिसऱ्या भागाच्या शेवटी. कैदेतून सोडवताना जेमी कबूल करतो की ती साधी, खरी मुलगी होती, बापाने मला खोटं बोलायला लावलं. टिरियन खवळतो. भावाला लागेल तेवढं बोलतो. सर्सीच्या मुलाला, जॉफ्रीला, मीच मारलं असं खोटंच सांगतो आणि सर्सी, जी जेमीची जुळी बहीण आणि प्रेयसीही, ती तुझ्या पाठीमागे कुणाकुणाबरोबर झोपते तेही सुनावतो. मग बापाच्या खोलीत शिरून एकच विचारतो, टायशा कुठे गेली? उत्तर ऐकून बाण सोडतो.

चौथ्या सीझनच्या शेवटी, जून २०१४ मध्ये, हाच प्रसंग मालिकेत आला तेव्हा जेमीची कबुली नव्हती. भाऊ मिठी मारून वेगळे होतात. टिरियन तरीही बापाच्या खोलीकडे वळतो. का वळतो? पळायला जहाज उभं आहे, मग जिना कशाला चढायचा? चार्ल्स डान्स आणि डिंकलेज समोरासमोर आले की हा प्रश्न सुचत नाही, म्हणून त्या रात्री कुणाचंच काही बिघडलं नाही. कापणाऱ्यांची बाजूही मला कळते. पहिल्या सीझनमध्ये एकदा सांगितलेली, कधी पडद्यावर न दिसलेली मुलगी प्रेक्षकाला आठवणार कशी? आमच्याकडे असती तर रीकॅपमध्ये दोनदा दाखवली असती.

पण चौथा रकाना भरायला घ्या. पुस्तकातला टिरियन त्या रात्रीनंतर कडवट, सूडाने पेटलेला, कधीकधी किळस यावी असा होतो. भाऊबहिणीची राख करायला निघालेला हा माणूस डेनेरिसला भेटणार, यात खरी भीती आहे. मालिकेतला टिरियन दारू पिऊन उदास होतो, मग सुधारतो आणि शहाणा सल्लागार बनतो. त्याच्या मनात भावाबद्दल प्रेमच आहे, म्हणून सातव्या-आठव्या सीझनमध्ये तो सतत घरच्यांना वाचवायचे सल्ले देतो आणि ते सल्ले सतत फसतात. ‘टिरियन एकदम मंद कसा झाला?’ अशी तक्रार तेव्हा जो तो करत होता. माझ्या मते तो मंद झाला नाही. त्याचा राग चार सीझन आधीच काढून घेतला होता.

जेमीचंही तसंच. सर्सीबद्दल ऐकलेले ते शब्द पुस्तकात त्याला पोखरत राहतात. चौथ्या पुस्तकात ती संकटात सापडून ‘ये’ म्हणून पत्र पाठवते आणि तो ते आगीत टाकायला सांगतो. मालिकेतल्या जेमीला हे शब्द कुणी ऐकवलेच नाहीत. तो दूर जातो, परत येतो, आणि शेवटी तिच्याच मिठीत दगडांखाली मरतो. एक संभाषण कापलं आणि दोन भावांचे रस्ते बदलले. बदलाचं वजन करायचं ते असं, त्या रात्रीच्या एपिसोडवर नाही, चार सीझननंतरच्या एपिसोडवर.

याच रीतीने रॉबची बायको तपासून बघा. पुस्तकात जेन वेस्टरलिंग, मालिकेत व्होलांटिसची टॅलिसा. पुस्तकातला रॉब एका रात्रीच्या दुःखानंतर मुलीची अब्रू राखायला लग्न करतो, बापासारखाच सचोटीपायी मरतो. मालिकेतला प्रेमात पडून लग्न करतो. लाल लग्नाचा, म्हणजे मेजवानीतल्या त्या कत्तलीचा, शेवट तोच, कारण वेगळं. कुठलं जास्त लागतं ते तुम्ही ठरवा. मला पहिलं.

आणि मेलर

वेस्टेरॉसमधल्याच दुसऱ्या मालिकेला, ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ला, हात घालण्यापूर्वी एक खबरदारी घ्या. तिचं मूळ पुस्तक ‘फायर अँड ब्लड’ (२०१८) रूढ अर्थाने कादंबरीच नाही. ती एका काल्पनिक इतिहासकाराची बखर आहे. त्याच्यापुढे दरबारी विदूषक मशरूम एक सांगतो, धर्मगुरू युस्टेस दुसरं, आणि विद्वान मंकन तिसरं. त्यामुळे ‘मालिकेने बदललं’ म्हणण्याआधी बघा की पुस्तकाला तरी त्या गोष्टीची खात्री आहे का. लेनॉर व्हेलारियन बखरीत मारला जातो. मालिकेत तो मेल्याचं सोंग करून समुद्रापार निसटतो. मालिका जणू म्हणते, बखरकाराला फसवलं होतं. असे बदल वहीत वेगळ्या पानावर लिहा. त्यात बेइमानी नाही, खोडी आहे.

मेलरचं तसं नाही. पुस्तकात हेलेना राणीला तीन मुलं आहेत, जुळी आणि धाकटा दोन वर्षांचा मेलर. मारेकरी येतात आणि कुठला मुलगा द्यायचा ते तिलाच ठरवायला लावतात. ती धाकट्याचं नाव घेते. ते थोरल्याला मारतात. ज्याचं नाव आईने घेतलं तो जिवंत राहतो, आणि तिला त्याच्याकडे बघवत नाही. मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये, २०२४ साली, मेलर नाहीच. जुळ्यांतला मुलगा कुठला एवढंच हेलेना दाखवते.

सप्टेंबर २०२४ मध्ये मार्टिनने यावर जाहीरपणे लिहिलं, आणि ते लिखाण लवकरच मागेही घेतलं गेलं. मेलर का गाळला याचं कारण त्याने प्रामाणिकपणे दिलं होतं. मालिकेचा प्रमुख रायन कॉन्डल याला आणखी एक लहान मूल नको होतं. दोन वर्षांच्या पोराबरोबर शूटिंग रखडतं आणि खर्च वाढतो. मार्टिनचं म्हणणं असं की मेलर पुढे एका पुलाजवळच्या गावात जमावाच्या हाती मरतो आणि त्या मरणाचे धागे हेलेनाच्या शेवटापर्यंत जातात. मूल काढलं की तेही निसटतात. अशा परिणामांना तो फुलपाखरं म्हणतो.

कॉन्डलची अडचण मला शब्दशः समजते. मराठी मालिकेत बारसं दणक्यात होतं, पाळणा सजतो, वाहिनी प्रोमो चालवते, आणि दुसऱ्या आठवड्यापासून बाळ ‘आत झोपलंय’. ते कायमचं आत झोपतं. पुढे लीप घेतला की एकदम शाळेच्या गणवेशात बाहेर येतं. बाळाला सेटवर थोडाच वेळ ठेवता येतं, ते रडतं, दिवे नको म्हणतं, आणि त्याच्यासाठी अख्खं युनिट ताटकळतं. तरीही आम्ही मूल काढून टाकत नाही. दुपट्यात उशी गुंडाळतो आणि आईच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवतो. मेलरला पडद्यावर आणायची गरजच नव्हती. आईने नाव कुणाचं घेतलं एवढं ऐकू आलं असतं आणि नंतर एका बंद दाराआडून रडणं, तरी भागलं असतं. इथे मी मार्टिनच्या बाजूची.

कारण सापडत नसेल तर

बातम्या बघा, पण कलाकारांच्या. ‘द व्हील ऑफ टाइम’ या आणखी एका फँटसी मालिकेच्या पहिल्या सीझनचं चित्रीकरण संपण्याआधी मॅटची भूमिका करणारा बार्नी हॅरिस बाहेर पडला. शेवटच्या भागांत मॅट मागे राहतो तो गोष्टीच्या गरजेने नाही. पेरिनला मात्र पहिल्याच एपिसोडमध्ये पुस्तकात नसलेली बायको दिली आणि त्याच्याच हातून मारली, ती लेखकांच्या खोलीतली निवड. हे दोन बदल एकाच रकान्यात घातले तर वहीचा उपयोग नाही.

गोष्टीतल्या काळाचा हिशेबही बघा. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका आणि तिचा मूळ लेखक टोल्कीन याची काळरेषा यांचा मेळ बसत नाही म्हणून लोक चिडतात. पुस्तकात दुसरं युग ३४४१ वर्षांचं. त्यात माणसं पिढ्यान् पिढ्या मरतात आणि एल्फ तेच राहतात. तसं दाखवायचं तर दर सीझनला अर्धे कलाकार बदलावे लागतील.

आणि काही बदलांना पैशांचं वा वेळेचं कारण नसतं. २००४ साली अर्थसी या कादंबऱ्यांवरची लघुमालिका आली. लेखिका उर्सुला ली ग्विनने नायक गेडला तांबूस-तपकिरी कातडीचा लिहिला होता, त्या जगातले बहुतेक लोक तसेच. पडद्यावर गोरा नट आला. तिने त्याविरुद्ध लेख लिहिला. अशा ठिकाणी बजेटचं समर्थन शोधत बसू नका, गोऱ्या नटाला पैसे काही कमी लागत नाहीत.

सरावासाठी

इंग्रजी जाडजूड वाटत असेल तर ‘चंद्रकांता’ घ्या. देवकीनंदन खत्रींची १८८८ची हिंदी कादंबरी. चार भाग, भाषा सोपी, फुकट मिळते. नव्वदच्या दशकात नीरजा गुलेरींची मालिका रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची, महाराष्ट्रातली घरंच्या घरं बघायची, त्यामुळे चाळिशीपुढच्या कुणालाही क्रूरसिंहाच्या भुवया सांगाव्या लागत नाहीत. अखिलेंद्र मिश्रांचा तो ‘यक्कू’ डोक्यात ठेवून पुस्तक उघडा. सुरुवातीलाच संध्याकाळची वेळ, माळावर टेकडीखाली वीरेंद्रसिंह आणि तेजसिंह दगडावर बसून बोलतायत. तेजसिंह ऐयार आहे. ऐयार म्हणजे वेष पालटणारा, बेशुद्धीची पूड बाळगणारा, हेरगिरी करणारा माणूस. खत्री जिथे पूड, वेष आणि कळसूत्र वापरतात, तिथे मालिका काय वापरते हे पहिल्या पानावर लिहा. क्रूरसिंहासाठी वेगळं पान ठेवा. पुस्तकात त्याला किती जागा आहे आणि मालिकेत किती, हे शेजारी शेजारी मांडा, आणि तिसऱ्या रकान्यात मीटिंगचं नाव घाला. मी तिथे काय लिहिलं ते सांगत नाही, पण पैशांची मीटिंग नव्हती.